कूलरवाल्याचं कार्ड

चैत्र अर्धा सरला की माझा सीझन लागतो.
सायकलला वूडवूलचे गठ्ठे, पिशवीत पंप, पाना, पेचकस,
गोळीबार चौकापासून पाचपावलीपर्यंत
लोकांचे कूलर खोलायचे,
मागच्या सालचं वाळलेलं शेवाळ खरवडायचं.

हेडाऊ मावशीच्या मागच्या बोळीत
स्टँड मी वीतभरच सरकवला.
खाली तिची पाच पिल्लं होती.
मला काय माहीत.
तिला एवढंच माहीत.

पोटरीत दोन दात खोल, बाजूला एक ओरखडा.
गल्ली जमली बाप्पा, जशी डीपी जळाल्यावर जमते.
कोणी म्हणे चुना लाव, कोणी म्हणे हळद,
एक पोट्टा तर तिखटाचा डबाच घेऊन धावला.
मावशीनं त्याला डब्यासकट घरी धाडलं
आणि मला नळाखाली बसवलं.

त्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतो, अर्धा तास.
तिचे तीन गुंड अजून रिकामेच होते.
"पंधरा मिनिटं," ती म्हणाली, "घड्याळ पाहून."
कपड्याच्या साबणाची पिवळी वडी,
आणि पाणी माझ्या पायावरून नालीत.
दात लागले त्याचं एवढं नाही,
त्या वाहत्या पाण्याकडं पाहवत नव्हतं.

आमच्या काकाला काटोलकडं चावलं होतं.
मिरची बांधली, दंडाला ताईत.
दोन महिने काहीच नाही,
संत्र्याच्या झाडांना आळी करत होता.
मग एका सकाळी गडवा तोंडापाशी नेला
आणि हातातून फेकला.
मी सात वर्षांचा. दाराच्या फटीतून पाहिलं,
तहानलेला माणूस, पाण्याला भिऊन भिंतीला चिकटलेला.
आमच्या घरी त्याचं नाव अजून कोणी घेत नाही.

मेयोच्या खिडकीवर विचारलं,
कुत्रं पाळीव की मोकाट?
मी म्हटलं, बाळंतीण.
सिस्टर लिल्हारेंनी मान वर केली, हसल्या नाहीत,
"मोकाट" लिहिलं.
काट्यावर उभं केलं. सीरम वजनावर असते म्हणे.
बावन्न किलो.
जन्मभर दुसऱ्यांचे कूलर उचलले,
स्वतःला पहिल्यांदा तोललं.

सुई जखमेतच घातली, चारही बाजूंनी.
तेव्हा मात्र मी मायला हाक मारली,
मोठ्यानं, लाइनीतली पोरं हसेपर्यंत.
मग दोन्ही दंडांवर कातडीतच बारीक टोचणी,
मुंगी चावल्यासारखा फुगवटा.
मी पोटावरचा शर्ट वर करून तयारच होतो.
"चौदा नाही?"
"ते दिवस गेले, भाऊ. चारदा या. पण चारदाच या,
तीनदा येऊन हुशार होऊ नका."

कार्डावर चार तारखा. आज, तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा.
आणि तोंडी सांगितलं, कुत्रीवर दहा दिवस नजर ठेवा.

तर मी रोज सायंकाळी बोळीच्या तोंडाशी.
ती मला पाहायची, मी तिला.
खाते का, लाळ गळते का,
पाणी पिते का, हे जरा जास्तच निरखून.
कूलरखाली ठिबकत होतं तिथंच जीभ लावायची.
सहाव्या दिवशी जागा रिकामी.
ओलसर माती, एक चावलेली चप्पल.
पिल्लं घेऊन कुठं गेली कोण जाणे.
आता सांगायला कोणी नव्हतं,
फक्त कार्ड होतं.

पारा पंचेचाळीसवर.
अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळपासून फोन,
काऊन येऊन नाही राहिला, पोरं शिजून राहिली.
सहा कूलर म्हणजे चोवीसशे रुपये.
पाय तर कधीचा भरला होता.
मी सायकल जरीपटक्याकडं वळवलीही होती.
मग आठवलं, मावशीनं माझ्यासमोर
कूलरच्या पत्र्यावर खडूनं ती तारीख लिहिली होती.
अक्षर तिचं वाकडं, आकडा सरळ.

टोचून आलो तेव्हा दुपार भाजत होती.
मावशीचा पंप आवाज करत होता, तो बदलला.
पैसे नको म्हटलं, तर चिडली.
"पाण्याचा हिशेब वेगळा," म्हणे, "पंपाचा वेगळा."
टाकीत पाणी सोडलं,
पाइप जरा तोंडाकडं वळवला.

प्यालो.
मग अजून थोडं प्यालो.